नी-ऑलेसुंडला निघण्याआधी: साताऱ्याच्या एका मुलीच्या चार प्रश्नांना उत्तर

तू लिहिलंस ते थोडक्यात असं. तू साताऱ्याची, हिमनद्यांवर पीएचडी करतेस. पुढच्या उन्हाळ्यात स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेच्या आर्क्टिक बेटांवर, तिथल्या नी-ऑलेसुंड वस्तीतल्या भारताच्या 'हिमाद्री' केंद्रावर जाशील का, असं सरांनी विचारलंय. आई घरी ब्लाउज-ड्रेस शिवते. ती म्हणते, "पोरीबाळींना झेपायचं नाही ते." आणि सरांना विचारता येत नाहीत असे चार प्रश्न तुझ्या मनात आहेत: लघवीचं काय, पाळीचं काय, अस्वलाचं काय, आणि अनोळखी पुरुषांबरोबर महिनाभर राहायचं कसं.

जा. हे आधी सांगते, बाकीचं सगळं त्यानंतर.

मी गोव्याहून सहा उन्हाळे आणि एक मार्च महिना तिथे गेले आहे. माझं काम फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर, म्हणजे दिवसातले बरेच तास उघड्या होडीत. या वर्षांत ज्या बायकांना मी तिथे त्रासात पाहिलं, त्यांतल्या बहुतेकींचं दुखणं एकच होतं. अंगावरचं सामान पुरुषाच्या मापाचं, आणि सोय मागायची लाज. थंडीचा नंबर त्याच्या खूप मागे लागतो.

माझा पहिला मोसम २०११चा. होडीत बसताना अंगात तरंगणारा एकसंध सूट घालावा लागतो, कारण तिथल्या पाण्यात पडलं तर दहा-पंधरा मिनिटांत हाताची बोटं कामातून जातात. मला मिळालेला सूट सहा फुटी माणसाचा होता, मी पाच फूट एक इंच. बाह्या बोटांच्या पुढे लोंबायच्या, म्हणून मी त्या दुमडून रबर लावायचे. हातमोजे इतके मोठे की पाण्याच्या नमुन्याची बाटली बंद करायला ते काढावेच लागायचे. दर नमुन्याला मोजे काढ, झाकण लाव, मोजे घाल. अशा तीस बाटल्या. चौथ्या दिवशी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडली आणि आठवडाभर बधिर राहिली. सोबतच्या मुलांची बोटं ठणठणीत होती. त्यांच्यापेक्षा मी कमी काटक होते म्हणून हे झालं नाही. त्यांचे मोजे त्यांच्या हाताचे होते, एवढाच फरक होता. पण तेव्हा मला वाटलं की दोष माझाच, म्हणून मी कोणाला बोलले नाही.

बर्फातल्या जगण्याची पहिली विद्या शिवणकाम आहे, आणि ती बायकांच्या हातातली आहे. हे तुझ्या आईला जरूर सांग. इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवासी, बायका कॅरिबू हरणाच्या कातड्याचे दोन थर शिवतात. आतल्या थराचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर, आणि मधल्या हवेत ऊब अडकून राहते. सीलच्या कातड्याचे बूट शिवताना सुई कातड्यातून आरपार जाऊ देत नाहीत, अर्ध्या जाडीतून फिरवतात. दोरा जनावराच्या स्नायूच्या तंतूचा असतो. तो भिजला की फुगतो आणि टाक्याचं भोक आपोआप बुजतं. कातडं कापायला अर्धचंद्राच्या आकाराची 'उलू' सुरी असते, ती परंपरेने बाईचीच. मूल पाठीवर उबेत राहावं म्हणून आईच्या अंगरख्यालाच मोठी टोपी-झोळी असते, अशा अंगरख्याला 'अमाउती' म्हणतात. एक टाका सैल राहिला तर शिकारीला गेलेल्या माणसाचा पाय जातो. तिथे शिवणारीच्या हातावर घर जगतं.

एडा ब्लॅकजॅक अशीच शिवणकामासाठी गेली होती. अलास्काच्या मूळ इन्युपिआत लोकांतली बाई, वय तेवीस, पोराला क्षय झालेला आणि उपचाराला पैसे नाहीत. १९२१ साली सैबेरियाच्या उत्तरेला असलेल्या रँगल बेटावर एक मोहीम निघाली, तिला कपडे शिवणारी हवी होती. पगार महिन्याला पन्नास डॉलर. आणखी स्थानिक कुटुंबं सोबत येणार होती, ती ऐनवेळी मागे फिरली, आणि चार परक्या पुरुषांबरोबर ही एकटीच गेली. मदतीचं जहाज पोचलं नाही. जानेवारी १९२३मध्ये तिघे बर्फावरून मदत आणायला निघाले, ते परत दिसलेच नाहीत. चौथा स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या आजाराने, अंथरुणाला खिळला. तिने त्याची सेवा केली, जूनमध्ये तो गेला. ती मिशनच्या शाळेत वाढलेली, शिकार तिला कोणी शिकवली नव्हती, अस्वलाची तर तिला प्रचंड भीती होती. तरी ती सापळे लावायला शिकली, बंदूक चालवायला शिकली. ऑगस्टमध्ये जहाज आलं तेव्हा बेटावर ती आणि मोहिमेची मांजर, एवढीच जिवंत होती. पोरीबाळींना झेपत नाही असं कोणी म्हटलं की मला एडा आठवते. आणि तिला त्या जागी ज्या बेफिकिरीने नेलं गेलं तेही आठवतं, म्हणून 'हिंमत ठेव' एवढंच सांगून मी तुला पाठवणार नाही.

आता जागा कशी आहे ते. नी-ऑलेसुंड ७९ अंश उत्तरेला, कोंग्सफ्योर्डच्या काठी आहे. आधी ती कोळशाच्या खाणीची वस्ती होती. नोव्हेंबर १९६२मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली, मग खाण बंद झाली आणि हळूहळू ती संशोधकांची वस्ती झाली. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरबायन, तिथून छोट्या डॉर्नियर विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोचतेस. रस्ता नाहीच. 'हिमाद्री' २००८पासून आहे, साधारण आठ जणांची सोय आहे, आणि सगळी मोहीम गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालते. जेवण सगळ्या देशांच्या लोकांचं एकाच भोजनगृहात. घरात शिरताना बूट काढायचे, ही खाणीच्या काळापासूनची रीत, आपल्याला अगदी घरच्यासारखी वाटते. वायफाय, ब्लूटूथ बंद, कारण तिथली मोठी अँटेना क्वेसारांचे, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी आकाशगंगा-केंद्रांचे, क्षीण रेडिओ संकेत ऐकते. म्हणजे आईशी बोलायच्या वेळा आधीच ठरवून जा, नाहीतर ती उगाच काळजी करत बसेल. उन्हाळ्यात तापमान पाच-सहा अंश असतं, महाबळेश्वरच्या कडक थंडीसारखं समज, पण वर वारा आणि ओल. १८ एप्रिलच्या सुमारास सूर्य वर येतो तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मावळत नाही. डोळ्यावर बांधायची जाड पट्टी ने. पहिल्या आठवड्यात झोप बिघडली तर घाबरू नकोस.

व्हिसाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगते. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे आणि तू ओस्लोवरून जाणार. म्हणजे जाताना एकदा आणि येताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरणार. व्हिसा दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचाच माग.

लघवी. हा प्रश्न क्षुल्लक नाही, तो सुरक्षेचा प्रश्न आहे. बायका काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मीही तेच केलं. आठ-आठ तास होडीत, घोटभर चहावर. दुसऱ्या मोसमात मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, ताप भरला, आणि कामाचे पाच दिवस वाया गेले. शरीरात पाणी कमी असलं की हातपायही लवकर गारठतात, म्हणजे दुहेरी नुकसान. तर: उभ्याने लघवी करता येईल असं बायकांसाठीचं सिलिकॉनचं फनेल मिळतं. ते इथे घरी महिनाभर न्हाणीघरात वापरून सवय कर, आधी नुसतं, मग पँट घालून, मग दोन थर घालून. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची एक बाटली सोबत ठेव आणि तिच्यावर ठळक खूण कर. हिमनदीवर दोरीने बांधलेली असशील तर सुटायचं नाही, दोरी तशीच ठेवून बाकीच्यांनी पाठ फिरवायची. हे पहिल्याच दिवशी, निघायच्या आधी, गटप्रमुखाने सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे. त्याने नाही सांगितलं तर तू म्हण, "दर दोन तासांनी थांबायचं ठरवूया." मी हे पहिल्यांदा बोलले तेव्हा गटातले दोन पुरुष मनापासून "बरं झालं" म्हणाले. अडचण त्यांचीही होती.

पाळी. केंद्रावर गरम पाणी, स्नानगृह सगळं आहे, तिथे तू घरी जे वापरतेस तेच वापर. प्रश्न येतो तो बाहेरच्या लांब दिवसांत आणि तंबूत. कप वापरायचा तर निदान तीन महिने आधीपासून वापर, तिथे जाऊन पहिला प्रयोग नको. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचंही तसंच, आणि तेही स्वतःच्या मनाने नाही, डॉक्टरांना विचारून. प्रवास, उजेड आणि दगदग यांनी तारीख हलते. माझी पहिल्या दोन मोसमांत आठ-दहा दिवस पुढे गेली होती, म्हणून हिशेबापेक्षा दुप्पट सामान ने, तिथे कोपऱ्यावर मेडिकल नाही. वापरलेलं सगळं झिपच्या दुहेरी पिशवीत, आणि परत केंद्रावर. बर्फात पुरायचं नाही. कोल्हे उकरतात.

रक्ताच्या वासाने अस्वल येतं का, हे तू लाजत विचारलंयस. प्रश्न खराच आहे, त्यावर कॅनडातल्या चर्चिलजवळ प्रयोगही झालेत. ध्रुवीय अस्वलांनी वापरलेल्या टॅम्पॉनच्या वासात रस दाखवला, हे खरं. पण सीलच्या वासातही दाखवला, आणि तुमच्या डब्यातल्या सुक्या मांसातही दाखवतील. तेव्हा हे घरी बसायचं कारण नाही. पिशवी घट्ट बंद करायचं कारण आहे, जे अन्नालाही लागू आहे.

अस्वलाची भीती मात्र बाळग. वस्तीबाहेर रायफल आणि सिग्नल पिस्तूल घेतल्याशिवाय जायचं नाही, आणि त्याआधी तिथे नेमबाजीसह प्रशिक्षण असतं. बंदूक पुरुषांनी धरायची आणि तू नमुने गोळा करायचे, अशी वाटणी कोणी सहज करून टाकेल. होऊ देऊ नकोस. प्रशिक्षण पूर्ण घे, राखणीची पाळी तूही कर. रायफल जड असते, आणि तिचा धक्का खांद्यावर नीट घ्यायला शिकावं लागतं. पण ते दोन दिवसांत जमतं, मला जमलं. वस्तीतल्या घरांची बाहेरची दारं कुलूपबंद नसतात, कोणालाही पळत आत शिरता यावं म्हणून. अस्वल १९७३पासून संरक्षित आहे. त्याला मारायची वेळ येऊ न देणं हेच राखणदाराचं काम. २०११च्या ऑगस्टमध्ये स्वालबार्डवरच एका विद्यार्थी-गटाच्या तंबूभोवती लावलेल्या इशाऱ्याच्या तारेचा (पाय लागला की बार उडतो ती) बार अस्वल आलं तेव्हा उडालाच नाही, आणि सतरा वर्षांचा मुलगा गेला. म्हणून तंबूत राहणार असशील तर तारेवर विसंबू नकोस, आळीपाळीने जागा. (जूनमध्ये वस्तीत तुझ्यावर खरा हल्ला करतील ते कुररी पक्षी. घरट्याजवळून गेलीस तर डोक्यावर चोच मारतात. काठी डोक्याच्या वर धरून चाल, ते उंच टोकावर मारतात.)

आता चौथा प्रश्न. यावर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

बहुतेक सहकारी चांगले असतात, काही तर जन्माचे मित्र होतात. पण दूरच्या, बंद जागेत एखादा वाईट माणूस असला तर तू उठून घरी जाऊ शकत नाहीस, आणि तोच कदाचित तुझ्या कामावर सही करणारा असतो. अमेरिकेच्या अंटार्क्टिक कार्यक्रमाबद्दल २०२२ साली आलेल्या अहवालात ५९ टक्के स्त्रियांनी लैंगिक छळ किंवा अत्याचार अनुभवल्याचं सांगितलं होतं. तो दक्षिण ध्रुवाकडचा, पण एकांत दोन्हीकडे सारखाच. माझ्या एका जहाजी मोहिमेत एक ज्येष्ठ सहकारी रात्रपाळीला उगाच प्रयोगशाळेत येऊन बसायचा. बोलता बोलता खांद्यावर हात ठेवायचा. मी तीन आठवडे गप्प राहिले, कारण पुढच्या वर्षी निवड व्हायची होती. शेवटी जहाजावरच्या नर्सला सांगितलं. तिने मला एकही प्रश्न विचारला नाही, दुसऱ्या दिवशी पाळ्या बदललेल्या होत्या. तीन आठवडे मी जे सहन केलं ते एका वाक्याने थांबलं, याची मला अजून हळहळ वाटते.

म्हणून निघण्याआधी लेखी विचार: झोपायची व्यवस्था कशी आहे, खोलीला आतून कडी आहे का, वागणुकीचे नियम कुठे लिहिलेत, आणि तक्रार कोणाकडे करायची. ती व्यक्ती तुझे सर किंवा मोहिमेचा प्रमुख सोडून दुसरी हवी, आणि तिच्याशी तिथून थेट बोलता आलं पाहिजे. हे विचारलं तर तुला 'कटकटी' ठरवतील असं वाटत असेल, तर सरांना म्हण, आईला हे सगळं सांगायचं आहे. ते खोटंही नाही.

तू तिथली पहिली बाई नसशील, शंभरावीही नसशील. वनस्पतिशास्त्रज्ञ हाना रेसवॉल-होल्मसेन १९०७ साली स्वालबार्डला गेली, पुढच्या वर्षी पुन्हा गेली, आणि तिथली फुलं तिने रंगीत छायाचित्रांत आणली. वानी वोल्स्टाड ट्रोम्सोची टॅक्सी चालवणारी बाई, नवरा वारलेला. १९३२पासून ती स्वालबार्डच्या हॉर्नसुंडला शिकारीसाठी कित्येक हिवाळे राहिली. क्रिस्टियाने रिटर ही ऑस्ट्रियाची चित्रकार १९३४मध्ये नवऱ्याकडे स्वालबार्डच्याच ग्राहुकला आली आणि एवढ्याशा झोपडीत वर्ष काढलं, त्यातले वादळाचे दिवस एकटीने. स्वालबार्डच्या राज्यपालपदावर १९९५मध्ये आन-क्रिस्टिन ओल्सेन ही पहिली स्त्री आली. त्या पदाच्या नॉर्वेजियन नावातच 'पुरुष' होता, तो २०२१ साली काढला.

लाँगइयरबायनमध्ये दोन दिवस थांबलीस तर दुकानात, हॉटेलात काम करणाऱ्या थाई आणि फिलिपिनो बायकांशी बोल. १९२०च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे राहायला व्हिसा लागत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षं राहतात. (तो करार ब्रिटिश अमलाखालच्या भारतानेही केलेला, त्यामुळे ते दार आपल्यालाही उघडं आहे.) पण गावात बाळंतपण होत नाही. दिवस भरायच्या काही आठवडे आधी विमानाने मुख्य भूमीवर जावं लागतं. संशोधक महिन्याभराने घरी येतात, या बायका तिथल्या काळोखात मुलांच्या शाळेचे डबे भरतात. आर्क्टिक 'झेपतं' म्हणजे काय हे मला त्यांच्याकडून कळलं.

आपल्याकडेही वाट आहे. नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३-८४च्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर अंटार्क्टिकावर उतरल्या. भारताच्या मोहिमेतून तिथे पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या दोन स्त्रिया. डिसेंबर २०२३पासून 'हिमाद्री' हिवाळ्यातही चालू झालं, आणि त्या पहिल्या हिवाळी मोहिमेत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचाही सहभाग होता. पुढे तुला काळोखातला मोसमही मागता येईल. तिथे २४ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य जातो तो फेब्रुवारीच्या मध्यानंतरच दिसतो. पण आधी एक उन्हाळा कर.

आणि लवकर कर. कोंग्सफ्योर्ड २००६नंतर पूर्वीसारखा गोठेनासा झाला आहे, कारण अटलांटिकचं उबदार पाणी आत शिरतं. आपले लोक व्हेस्त्रे ब्रोगरब्रेन हिमनदीचं वजन वर्षानुवर्षं मोजत आलेत, आणि तू बहुधा त्या मोजणीसाठी बर्फात रोवलेल्या खांबांपाशीच उभी राहशील. माझ्या पहिल्या मोसमात बर्फाखाली झाकलेले खडक आता उघडे पडलेत, मी दोन्ही वेळचे फोटो जपून ठेवलेत. तिथे माप घेणारे हात हवे आहेत. तुझेही.

कपड्यांचं शेवटी, कारण यात आईची मदत लागेल. अंगालगत सुती काही नको, ब्राही नाही. सुती कापड घामाने भिजतं आणि वाळत नाही. लोकरीचे दोन पातळ थर, वर जाड लोकर, वर वारा अडवणारं. ब्राला तार नको. होडीतला सूट आखूड करायला आईला मुळीच देऊ नकोस, कापला तर त्याच्या तरंगण्याची खात्री राहत नाही. तो तुझ्या मापाचाच मागव, दोन महिने आधी, ईमेलने. पण आतली लोकरीची पँट आईकडे दे. पुढून मागपर्यंत जाणारी, दोन्हीकडून उघडणारी चेन तिला लावता येईल, म्हणजे फनेल असो नसो, कंबरेचं काही उतरवावं लागणार नाही. चेन प्लॅस्टिकची घ्यावी, धातूची गारठते, आणि आतून लोकरीची पट्टी शिवावी. ओढायला हातमोज्यातही पकडता येईल असा नाडीचा लांब गोफ बांधावा.

हातमोज्याचं माप अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी, तळहाताच्या घेराचं घेतात. ते आईलाच टेपने घेऊ दे, आणि सरांना आजच पाठव.